नाशिकहून कच्छ टूर: छोटं रण नीट दाखवणार असतील तरच पैसे भरा

यंदा जानेवारीत आई-बाबा, लेक, नवरा आणि मी नाशिकच्याच एका छोट्या टूरवाल्यांबरोबर कच्छला जाऊन आलो. ग्रुपवर बऱ्याच जणींनी कसं होतं म्हणून विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. कच्छ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर धोरडोचं पांढरं रण आणि रणोत्सवाचे तंबूच येतात, पण या टूरमधली खरी पैसा वसूल गोष्ट म्हणजे छोटं रण, आणि बहुतेक मोठे टूरवाले नेमकं तेच गाळतात किंवा येताजाता तासाभरात उरकतात.

आमच्या टूरवाल्यांनी तिथं दोन मुक्काम ठेवले होते, दसाड्याच्या बाजूला, भुंगा म्हणजे कच्छी गोल झोपडी, तशा गोल खोल्यांमध्ये. पहाटे उघड्या जीपमधून अभयारण्यात नेतात. हे घुडखर अभयारण्य जवळजवळ ५००० चौरस किमीचं आहे आणि हे रानगाढव भारतात मुख्यतः याच भागात मोकळं फिरताना दिसतं. मधे एकेकाळी ही जात संपतेय की काय अशी वेळ आली होती, पण २०२४ च्या गणनेत आकडा साडेसात हजारांच्या वर गेलाय, मला तर हे वाचूनच भरून आलं. जीपवाला तिथलाच होता, कळप दिसल्यावर त्याने लांबच इंजिन बंद केलं आणि 'बेन, आता कोणी बोलू नका' म्हणाला. आम्ही गप्प बसून राहिलो तसे ते चरत चरत आपणहून जवळ आले, अंगावर बदामी आणि पांढरा रंग, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून गडद तपकिरी पट्टा, आणि एक पिल्लू आईच्या पोटाला चिकटून आमच्याकडेच बघत होतं. मग कशाने तरी बिचकले आणि सगळेच्या सगळे सपाट जमिनीवरून असे सुटले की फक्त धूळ दिसत राहिली. लेक अजून त्याच्याबद्दलच बोलते.

नंतर अगरियांच्या, म्हणजे मीठ पिकवणाऱ्या कुटुंबांच्या, मिठागरावर नेलं. जमिनीखालचं खारं पाणी पंपाने उपसून वाफ्यात सोडतात आणि कित्येक महिने ते सुकवत, दाताळ्याने ओढत बसायचं. पावसाळा संपला की ही कुटुंबं रणात येऊन राहतात, आजूबाजूला झाड नाही की सावली नाही. टूरवाल्यांनी इथं फोटो काढायची घाई केली नाही, निवांत बोलू दिलं, चहासुद्धा तिथल्याच घरी झाला, हे मला फार आवडलं.

पक्ष्यांचं म्हणाल तर आपण नांदूरमधमेश्वरला जाणारी माणसं, त्यामुळे फ्लेमिंगो नवीन नाहीत, पण इथं थव्याच्या थव्याने दिसतात आणि क्रौंच तर एवढे की संध्याकाळी आवाजानेच कळतं. दुर्बीण घरून न्या, टूरवाले देतात ती एकच असते आणि ती चाळीस हातांतून फिरते.

पांढरं रण सुंदरच आहे, त्यात वाद नाही. परमिट भिरंडियाराला त्यांनीच काढून ठेवलं होतं, आयडी मात्र जवळ लागतं. पावसाळ्यात इथं पाणी भरतं आणि हिवाळ्यात ते आटून मीठ उरतं, त्यामुळे दिवाळीच्या आसपास गेलात तर चिखलच जास्त दिसायची शक्यता, जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, त्यातही पौर्णिमा मिळाली तर सोडू नका. बुटाखाली मीठ करकरतं आणि जरा आत गेलं की पापुद्रा फुटून खालचा ओला काळा चिखल वर येतो, म्हणून चांगल्या चपला घालू नका. निफाडच्या थंडीची सवय असली तरी रात्रीचा वारा झोंबतो, कानटोपी हवीच. भिरंडियाराचा मावा खा, बन्नीच्या कुरणातल्या म्हशींच्या दुधाचा असतो.

आता तक्रार. मांडवीला फक्त अर्धा दिवस दिला! अख्ख्या वाळवंटी जिल्ह्यात एवढा छान समुद्रकिनारा, लेकीला उंटावर बसायचं होतं, नवऱ्याला पॅरासेलिंग करायचं होतं आणि रुक्मावती नदीच्या काठावर अजून हाताने मोठाली लाकडी जहाजं बांधतात ती तर आम्ही बसच्या खिडकीतून पाहिली. वर दाबेली जिथं जन्मली तिथं येऊन हायवेवरच्या हॉटेलात जेवायला नेलं, याचा मला खरंच राग आला. धोलावीरा, म्हणजे हडप्पाकालीन शहराचे अवशेष, पण प्लॅनमध्ये नव्हतं, २०२१ ला जागतिक वारसा झालंय आणि खावड्याकडून जाणारा रस्ता दोन्हीकडच्या पांढऱ्या रणामधून जातो, तेव्हा ते हवंच होतं.

जेवण साधं, गरम, बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी रोज. बाबांना गुडघ्याचा त्रास आहे तर जीपमध्ये पुढची सीट न मागता दिली. नाशिकहून बसने सापुतारामार्गे नेतात ते मात्र ज्येष्ठांना फार होतं, त्यांना मुंबईहून भुजच्या रात्रीच्या ट्रेनने पाठवा, टूरवाले भुजला घेतात.

बुक करताना तीन गोष्टी आधी विचारून घ्या: छोट्या रणात मुक्काम आहे का, मांडवीला पूर्ण दिवस आहे का आणि जीप सफारी पहाटेची आहे का, कारण दुपारच्या उन्हात फार काही दिसत नाही. आणि अभयारण्य जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं, त्या काळातलं पॅकेज कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.