आठ महिने पार्क अँड राईड: माझा अनुभव

घर ते ऑफिस बावीस किलोमीटर. आधी सगळं अंतर गाडीनेच कापायचे. आता चौदा किलोमीटरवर, शहराच्या तोंडाशी असलेल्या वाहनतळावर गाडी लावते आणि पुढे मेट्रोने जाते.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: वेळ वाचतो का? सुरुवातीचे सहा आठवडे दोन्ही प्रकारे आलटून पालटून गेले आणि वेळा टिपून ठेवल्या. गाडीने चांगल्या दिवशी पन्नास मिनिटं, वाईट दिवशी पंच्याण्णव. पार्क अँड राईडने पंचावन्न ते अडुसष्ट. म्हणजे रस्ता मोकळा असेल तर गाडीच जिंकते. पण तो मोकळा असेल की नाही, हे घरातून निघताना कुठे माहीत असतं? नऊच्या मीटिंगसाठी मी सव्वासातलाच बाहेर पडायचे. आता पावणेआठला निघते. माझा अर्धा तास वाचला तो इथे.

शेवटचे आठ किलोमीटर म्हणजे पहिला गिअर, दुसरा गिअर, ब्रेक, पुन्हा पहिला. डावा गुडघा संध्याकाळपर्यंत ठणकायचा, तो महिन्याभरात थांबला. दहा दिवसांत संपणारी टाकी आता सतरा-अठरा दिवस पुरते. पैशांचं मात्र ज्याचं त्याने बघावं. शहरातलं पार्किंग ऑफिस देत असेल, तर मेट्रोचा पास आणि वाहनतळाचं भाडं धरून बचत फारशी उरत नाही.

त्रास आहेतच. सव्वाआठनंतर जागा मिळत नाही. एकदा ॲपवर चाळीस जागा रिकाम्या दिसत होत्या आणि फाटकावर ‘फुल्ल’ची पाटी. मागे वळून शहरात गाडी नेली, त्या दिवशी दोन तास गेले. शिवाय शेवटच्या रांगेपासून फलाटापर्यंत चालायला सात मिनिटं लागतात, ती कुणी हिशेबात धरत नाही. धरा. ज्या दिवशी सामान असतं किंवा ऑफिसनंतर दुसरीकडे जायचं असतं, त्या दिवशी मी आजही सरळ गाडीने जाते.

सगळ्यात जास्त राग आला तो दिव्यांचा. वाहनतळाच्या मागच्या बाजूचे दिवे तीन आठवडे बंद होते. रात्री नऊला एकटीने, मोबाइलच्या उजेडात गाडी शोधायची म्हणजे जीव मुठीत. चार वेळा लेखी तक्रार केली तेव्हा कुठे ते लागले. नवीन जाणाऱ्यांनी पास काढण्याआधी एकदा रात्री जाऊन वाहनतळ बघून यावा. मी आता लवकर पोचले की जिन्याजवळच्या खांबाखालीच गाडी लावते, परतताना पुलावरूनच दिसते.