बाजूच्या काचा वाचवायच्या तर: फिल्म, जाळी, पॉलिकार्बोनेट की स्लायडर?

ऑफरोडिंगसाठी गाडी सजवताना आधी टायर येतात, मग सस्पेन्शन, मग विंच, म्हणजे रुतलेली गाडी तारेने ओढून काढायचं यंत्र. बाजूच्या काचांचा नंबर लागतो तो पहिली काच फुटल्यावरच. माझंही तेच झालं. आडव्या उतारावर, ओल्या मातीत गाडी जेमतेम हातभर घसरली आणि मागच्या दाराची अर्धी खाली घेतलेली काच एका झाडाच्या तुटक्या खुंटाला टेकली. धक्का म्हणावा असा धक्कासुद्धा नव्हता. फट् आवाज झाला आणि सीटवर काचेच्या खड्यांचा ढीग पडला.

त्यानंतर बाजारात मिळणारे उपाय पाहताना लक्षात आलं की ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि आपण ती सर्रास एकाच टोपलीत टाकतो. काच फुटू नये, हा एक प्रश्न. फुटलीच तर चुरा अंगावर येऊ नये, हा दुसरा. आपल्याला यातलं काय हवंय ते आधी ठरवा, नाहीतर पैसे एका कामासाठी जातात आणि अपेक्षा दुसऱ्याच कामाची राहते.

पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर. दगड लागला तर तिला तडा जातो, पण ती जागेवर राहते. बाजूच्या काचा मात्र बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि आतला गाभा ताणाखाली. सपाट तळहाताचा मार ही काच सहज खाते. पण टोकदार वस्तूने तो वरचा थर भेदला, की सगळा ताण एकदम सुटतो आणि अख्खी काच खड्यांत विखुरते. तिची सर्वांत दुबळी जागा म्हणजे कड. काच अर्धी खाली घेतली की वरची कड आधाराविना उघडी पडते. म्हणजे माझ्या काचेचा बळी खुंटाने जितका घेतला तितकाच माझ्या आळसाने. अरुंद वाटेवर काच पूर्ण वर, खाचेत घट्ट बसलेली हवी. पूर्ण खाली घेतली तर काच वाचते, पण फांदी थेट डोळ्यांपर्यंत येते.

आता उपायांकडे. सगळ्यात सोपी सेफ्टी फिल्म. आतून लावायची, साधारण १०० किंवा २०० मायक्रॉन जाडीची. ही फिल्म काच फुटण्यापासून वाचवत नाही, हे विक्रेता सहसा सांगत नाही. खुंट टेकला की काच फुटणारच. फरक एवढाच की चुरा फिल्मला चिकटून राहतो आणि चेहऱ्यावर उडत नाही. शिवाय वर-खाली होणाऱ्या काचेवर फिल्म दिसणाऱ्या भागापुरतीच बसते, दाराच्या आतल्या कडेपर्यंत जात नाही. त्यामुळे फुटल्यावर तो सगळा पत्रा ओल्या घोंगडीसारखा आत लोंबतो किंवा गळून पडतो. मागच्या न उघडणाऱ्या काचांवर फिल्मच्या कडा चौकटीला सिलिकॉनने बांधता येतात, तिथे ती खरंच चांगलं काम करते. घेताना पारदर्शकच घ्या. पुढच्या दारांच्या काचेतून किती प्रकाश आत यायला हवा याची मर्यादा बऱ्याच देशांत आहे, आणि रात्रीच्या ट्रेलवर गडद फिल्ममधून आरशात काही दिसत नाही ते वेगळंच.

फिल्मसोबत एक गोष्ट डोक्यात हवी. अडकल्यावर काच फोडून बाहेर पडायचं हत्यार फिल्म लावलेल्या टफन्ड काचेला फोडतं, पण काच पडत नाही, लाथेने बाहेर ढकलावी लागते. लॅमिनेटेड काचेवर तर ते चालतच नाही. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ मध्ये अशी सहा हत्यारं तपासली. टफन्ड काच चार हत्यारांनी फोडली, लॅमिनेटेड एकानेही नाही. काही गाड्यांच्या बाजूच्या काचा कंपनीकडूनच लॅमिनेटेड येतात. तुमची कुठली आहे ते काचेच्या कोपऱ्यातल्या छाप्यावर बघून ठेवा. लॅमिनेटेड असेल तर फिल्मचा खर्च मुळातच नको.

पॉलिकार्बोनेट, म्हणजे काचेच्या जागी बसवायचं कडक पारदर्शक प्लास्टिक, हा दुसऱ्या टोकाचा उपाय. वजन काचेच्या निम्मं, आणि हातोड्याने मारलं तरी फुटत नाही. कागदावर हाच जिंकतो. पण ट्रेलवर वावरणारी गाडी म्हणजे धूळ, आणि त्या धुळीत क्वार्ट्झचे कण. काचेवर जिथे केसाएवढा चरा उमटतो तिथे पॉलिकार्बोनेट धुरकट होतं. हार्ड कोटिंग असलं तरी दाराच्या फेल्टच्या, म्हणजे काच पुसत जाणाऱ्या लोकरी पट्टीतून रोज वर-खाली केलं तर थोड्या दिवसांत पडद्यामागून पाहिल्यासारखं दिसायला लागतं. म्हणून ते स्थिर खिडकीतच बसवावं. बसवतानाही खुबी आहे: तापमान ३० अंशांनी वाढलं की मीटरभर लांबीचा पत्रा सुमारे २ मिलिमीटर वाढतो, काच मात्र पाव मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे स्क्रूची भोकं मोठी ठेवायची आणि खाली रबरी वायसर घालायचा. घट्ट आवळलं की भोकापासून तडे जातात. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात ते लॉकिंगचं द्रव्य, पेट्रोल, अमोनियावालं काच पुसायचं पाणी, यातलं काहीही लागू द्यायचं नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीत कायद्याला ते चालतं का, हेही आधी बघावं लागतं. फक्त ट्रेलरवर लादून न्यायच्या, स्पर्धेच्या गाडीसाठी उत्तम. रोजच्या गाडीसाठी मी घेणार नाही.

बाहेरून लावायची जाळी काच फुटू देत नाही, पण जागा चुकली तर त्रासच जास्त. मागच्या स्थिर काचांवर छान. पुढच्या दारावर नको: आरसा जाळीतून बघावा लागतो आणि गाडी आडवी झाली तर बाहेर पडायची वाट बंद होते. जाळी आणि काच यांत दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर वाकलेली जाळीच काच फोडते. मोठ्या भोकांच्या जाळीत काटकी घुसते आणि गाडी पुढे सरकताना ओढली जाते. त्यापेक्षा गाडीच्या लांबीला समांतर आडव्या पट्ट्या बऱ्या, फांदी त्यांवरून घसरत जाते. जाळीच्या मागे चिखल साचतो म्हणून बिजागरी असलेली घ्या. खिडकीच्या आतून लावतात ते पिशव्या अडकवायचे भोकाभोकांचे पॅनल म्हणजे ही जाळी नव्हे. बाहेरच्या माराला ते काही करत नाहीत. खडबडीत उतारावर टूलबॉक्स आतून काचेवर आदळण्यापासून मात्र वाचवतात, आणि तसं होतं बरं का.

बोनेटच्या कोपऱ्यापासून रूफ रॅकपर्यंत ताणलेल्या तारा फांद्या छपरावरून उडवतात. पुढच्या काचेला आणि आरशांना उपयोगी, बाजूच्या काचांना फारशा नाहीत. त्याहून फुकटचा उपाय म्हणजे आरसा मिटणं. उघड्या आरशात अडकलेली फांदी धनुष्यासारखी ताणली जाते आणि सुटली की मागच्या काचेवर सपकन बसते.

स्लायडर म्हणजे दारांखाली गाडीच्या लांबीला लावलेला मजबूत पाइप. लोक तो दाराखालचा उंबरा वाचवायला घेतात, काचेसाठी कोणी विचार करत नाही. मला विचाराल तर पहिले पैसे इथेच घाला. चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला जोडलेला, मागच्या टोकाला बाहेर वळलेला स्लायडर गाडीला खडकापासून दूर ढकलतो. किती संरक्षण मिळेल ते घरीच बघता येतं. एक सरळ काठी घ्या, तिचं खालचं टोक स्लायडरच्या बाहेरच्या कडेला आणि वरचं छपराच्या किंवा रॅकच्या कडेला टेकवा. सरळ बुंध्याला गाडी टेकली तर तो असाच लागेल. काठी आणि काच यांत चार बोटं अंतर असेल तर काचेला धोका कमी. काठी काचेला टेकत असेल, तर रॅक बाहेर सरकवणं किंवा छपराच्या कडेला मजबूत पाइप लावणं हे फिल्मच्या आधी करायचं काम आहे. बुंध्याला फांदीचा खुंट असेल तर हे गणित फसतं, आणि तेवढ्यासाठीच पुढच्या दारांना फिल्म.

माझ्या गाडीला आता स्लायडर आहेत, मागच्या दोन स्थिर काचांवर पट्ट्यांची जाळी आहे आणि चारही दारांना आतून २०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. ट्रेलवरून आल्यावर काच खाली घ्यायच्या आधी फेल्टच्या पट्ट्या पाणी मारून धुतो, कारण चऱ्यांनी खरवडलेली काच कमी जोराच्या माराने फुटते. आणि त्या जुन्या काचेचे खडे दाराच्या पोटात अजून आहेत. रस्ता खराब लागला की खुळखुळतात.