वार वाटायचे की कामं?

नवरा-बायकोत घरकाम वाटायच्या दोन पद्धती दिसतात. एक, वार वाटायचे: सोम-बुध-शुक्र त्याचे, बाकीचे तिचे. दुसरी, कामं वाटायची: डबा त्याचा, तर भाजी आणण्यापासून डबा घासण्यापर्यंत सगळं त्याचंच.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाची पाळी बदलली की वारांचा हिशेब कोलमडतो. शिवाय मंगळवारच्या उसळीची मटकी रविवारी रात्री भिजवायची, सोमवारी सकाळी फडक्यात बांधायची. ही आठवण कुणी ठेवायची? बहुतेक बायकोच ठेवते, आणि खरा भार तोच आहे.

म्हणून कामं वाटणंच बरं. बाळाचं लसीकरण वडिलांकडे दिलं, तर 6, 10, 14 आठवडे आणि 9 महिने या तारखा त्यांनीच सांभाळायच्या, कार्डही त्यांच्याकडेच. "सांग, मी करतो" ही मदत झाली, वाटणी नव्हे.

अंगावरचं दूध सुटल्यावर रात्रीच्या जागरणाला मात्र वारच लावा; एकाला तरी सलग झोप मिळते. आणि तापात पॅरासिटामॉल दिल्याची वेळ फ्रिजवर लिहाच, नाहीतर दोघांकडून दोनदा डोस जातो. मध्ये किमान 4 ते 6 तास हवेत.