कोळंबीच्या आतड्यातला व्हिब्रिओ: ईजीएफपी की एमचेरी?

कोळंबीच्या आतड्यात व्हिब्रिओ हा जिवाणू नेमका कुठे बस्तान बसवतो हे पाहायचे ठरवले, की त्याच्यात ईजीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक घालावे की एमचेरी या लाल चमकणाऱ्या प्रथिनाचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या तळ्यांतली कोळंबी घेऊन मी दोन्ही वापरून पाहिली आहेत. कागदावर ईजीएफपी उजवे ठरते. त्याची क्वांटम कार्यक्षमता (शोषलेल्या प्रकाशापैकी किती परत चमकतो ते प्रमाण) ०.६० च्या आसपास, तर एमचेरीची ०.२२, शिवाय हिरवा फिल्टर बहुतेक प्रत्येक फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकावर असतोच. काचपट्टीवर नुसते जिवाणू पाहायचे असते, तर मीही तेच घेतले असते.

अडचण सुरू होते ती जिवाणू पोटात गेल्यावर. निळा प्रकाश टाकला की कवच, आतड्याचे अस्तर आणि आतले अन्न असे सगळेच थोडेफार हिरवट चमकू लागते. एक्स्पोजर वाढवावे तर कवच उजळते, कमी करावे तर जिवाणू दिसेनासे होतात. जिवाणू न दिलेल्या पिल्लाचा फोटो दिलेल्या पिल्लाच्या फोटोशेजारी ठेवला, तेव्हा कोणता कोणाचा हे खालची चिठ्ठी वाचल्याशिवाय मला सांगता येईना, आणि माझा कल तिथेच ठरला.

एमचेरी ५८७ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने उत्तेजित होते आणि ६१० च्या सुमारास चमकते. त्या पट्ट्यात कोळंबीचे अंग, निदान माझ्या अनुभवात, बरेच शांत असते, त्यामुळे फिका का होईना, ठिपका ठिपक्यासारखा दिसतो. पिल्लांना डायटम (सूक्ष्म शैवाल) खाऊ घालत असाल तर मात्र क्लोरोफिलचा लाल उजेड मध्ये येतो. तो मुख्यतः ६८० च्या आसपास असल्याने ठरावीक तरंगलांबीपुढचा सगळा प्रकाश सोडणाऱ्या लाँगपासऐवजी फक्त एक पट्टा सोडणारा अरुंद बँडपास फिल्टर लावला की बहुधा निभावते.

रक्तपेशींनी गिळलेल्या जिवाणूंच्या बाबतीतही एमचेरीच सरस वाटते, कारण गिळल्यावर पेशीत मिळणाऱ्या आम्लतेत ईजीएफपी फिके पडते आणि एमचेरी टिकून राहते. यात एक मेख आहे: मेलेल्या जिवाणूचा ठिपकाही काही काळ तसाच दिसत राहतो, म्हणून जिवंत जिवाणूंची संख्या हवी असेल तर प्लेटवर वाढवून मोजण्याला पर्याय नाही. तिथे आणखी एक सोय होते, जी तुलनेच्या तक्त्यांत सहसा नसते. एमचेरी भरपूर बनवणाऱ्या वसाहती साध्या अगारवर दिवसाउजेडीही गुलाबी दिसतात. पावसाळ्यात वीज गेली आणि सूक्ष्मदर्शकाचा मर्क्युरी दिवा निवेपर्यंत पुन्हा लावता येत नसला, तरी खिडकीशी प्लेट धरून काम पुढे नेता येते.

ईजीएफपीचा तयार वाण हाताशी असेल तर तो लगेच बाजूला सारावा असे मी म्हणणार नाही. फक्त जिवाणू न दिलेली कोळंबी त्याच फिल्टरखाली आधी पाहून घ्यावी.