जन्म-मृत्यू नोंदणीची सेवा: गावात एक नोंद, शहरात एक नोंद

गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात एक मृत्यू झाला आणि एक जन्म झाला. आण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या घरी वारले आणि त्यानंतर अकरा महिन्यांनी बहिणीला शहरातल्या प्रसूतिगृहात मुलगी झाली. दोन्ही वेळची धावपळ माझ्याकडे होती, त्यामुळे एकाच कायद्याखाली चालणारी ही सेवा ग्रामपंचायतीत कशी मिळते आणि महानगरपालिकेत कशी मिळते, हे मला जवळून पाहता आले. पुढची सगळी कागदपत्रे जिच्यावर उभी राहतात त्या सेवेबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा असून महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. घटना घडल्यापासून २१ दिवसांच्या आत कळवले तर नोंद विनाशुल्क होते आणि पहिला दाखलाही मोफत मिळतो. गावात हे काम ग्रामसेवकाकडे असते. पदाचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झाले असले, तरी आमच्याकडे सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. भाऊसाहेबांकडे दोन गावांचा कारभार असल्याने ते आमच्या गावात मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात. आण्णांच्या दहाव्याच्या आधीच मी गेलो, मृत्यूची माहिती देण्याचा नमुना भरला, आधार कार्डाची प्रत जोडली आणि पुढच्याच शुक्रवारी क्यूआर कोड असलेला दाखला हातात आला. त्या एका कागदावर सातबाऱ्याला वारस नोंद लागली, रेशनकार्डावरचे नाव कमी झाले, बँकेतले थोडेफार पैसे आईच्या खात्यावर आले आणि संजय गांधी निराधार योजनेसाठी तिचा अर्जही दाखल झाला. वेळेत केलेल्या नोंदीपुरते बोलायचे तर ही सेवा उत्तम आहे, आणि हे मी मनापासून लिहितो.

माझी तक्रार त्या नमुन्यातल्या एका रकान्याबद्दल आहे. मृत्यूच्या कारणापाशी आल्यावर भाऊसाहेबांनी विचारले, “काय झालं होतं आण्णांना?” मी म्हणालो, “खोकला होता बरेच दिवस. धाप लागायची.” त्यांनी वय विचारले, मी चौसष्ट सांगितले, आणि त्यांनी ‘वृद्धापकाळ’ असे लिहिले. त्या वेळी मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. आण्णांनी बावीस वर्षे खडी क्रशरवर काम केले होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवया आणि कानांच्या पाळ्या पांढऱ्या झालेल्या असत, आणि आई त्यांचे कपडे ओट्यावर झटकल्याशिवाय आत घेत नसे. दगडाच्या भुकटीने फुप्फुसे निकामी होतात, त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. आण्णांना तोच आजार होता असे मी म्हणत नाही, कारण तशी तपासणी कधी झालीच नाही; पण सरकारच्या दप्तरी ते म्हातारपणाने गेले, आणि त्यामुळे आमच्या गावात भुकटीने कोणी आजारी पडते का, हा प्रश्नच कोणाला पडणार नाही. शेवटच्या आजारपणात ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यावे, अशी तरतूद याच कायद्यात आहे आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी त्याचा ‘४ अ’ हा वेगळा नमुनाही आहे. तालुक्याचे डॉक्टर आण्णांना चार महिने तपासत होते. तो नमुना मला कोणी दाखवला नाही आणि मलाही तो मागायचे माहीत नव्हते.

आमचे घर यात एकटे नाही. देशात २०२१ साली १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद झाली, आणि त्यांपैकी वैद्यकीय प्रमाणपत्राने कारण नोंदले गेलेले मृत्यू होते २३.४ टक्के. आदल्या वर्षी नोंदलेले मृत्यू ८१ लाखांच्या आसपास होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या वर्षात नोंदवहीत वीस लाखांहून अधिक माणसांची भर पडली होती, आणि हा आकडा लोकांपुढे आला मे २०२५ मध्ये. गावोगावच्या वह्यांत नोंदी वेळेवर चढत असताना त्यांची बेरीज चार वर्षांनी हाती येणार असेल, तर दवाखाना कुठे हवा आणि औषधे किती लागतील हे ठरवणाऱ्यांना तिचा काय उपयोग, हे मला खरोखर समजत नाही. शेवटची जनगणना २०११ सालची आहे. निवडक गावे आणि वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंवरून अंदाज काढणाऱ्या नमुना नोंदणी पाहणीतून राज्याचे चित्र कळते, तालुक्याचा किंवा गावाचा कळत नाही. पुढच्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत गावाचा खरा हिशेब सांगू शकेल अशी ही एकच वही आहे.

भाचीच्या जन्माच्या वेळी चित्र वेगळे होते. रुग्णालयानेच पोर्टलवर माहिती भरली आणि सहाव्या दिवशी दाखला आला. जन्माच्या नमुन्यात मुलाच्या लिंगाबरोबरच जन्माच्या वेळचे वजन, प्रसूतीची पद्धत, आईचे वय, तिचे शिक्षण आणि तिचे नेहमीचे राहण्याचे ठिकाणही विचारतात. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, त्यामुळे माहेरी किंवा शहरात बाळंत झालेल्या बायकांची मुले आपल्या गावच्या वहीत दिसत नाहीत. पण आईच्या गावाचा हा रकाना कोणी नेमाने पाहिला तर तेही कळू शकते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, तेव्हा राज्य हादरले होते. एवढी तफावत दिसायला दहा वर्षांच्या मोजणीची वाट पाहावी लागू नये, ती दरवर्षी याच नोंदींतून दिसायला हवी.

महानगरपालिकेच्या त्या कार्यालयात अडचण आली ती दुरुस्तीला. बहिणीच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले होते. ते बदलायला सात आठवडे आणि चार खेपा लागल्या, कारण चूक रुग्णालयाची की कार्यालयाची यावर दोन खिडक्यांचे एकमत होईना. नोंदीतली चूक दुरुस्त करण्याचा अधिकार कायद्याने निबंधकालाच आहे, हे मला चौथ्या खेपेला एका ज्येष्ठ लिपिक बाईंनी सांगितले आणि त्यांनीच काम मार्गी लावले. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे, त्यामुळे एका अक्षराचा त्रास पुढे वीस वर्षे पुरू शकतो. रुग्णालयांनी माहिती पाठवण्यापूर्वी ती आईला एकदा वाचून दाखवली, तर यातले निम्मे अर्ज येणारच नाहीत. बाळाचे नाव ठरले नसेल तर नावाशिवाय नोंद करून घ्यावी. बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते. उशीर मात्र करू नये. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, आणि पुरावे गोळा करता करता माणूस दमून जातो.

जुन्या नोंदीचे मोल काय असते ते २०२३ च्या शेवटी आमच्या तालुक्याने पाहिले. मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि त्या शोधायला तहसीलच्या अभिलेख कक्षापुढे रांगा लागल्या. ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्या गाव नमुना चौदामध्ये आमच्या पणजोबांची मृत्यूची नोंद निघाली. मोडीतली एक ओळ, कडा झडलेला कागद, तपकिरी पडलेली शाई. ज्याने ती लिहिली त्याला ती कुठे उपयोगी पडेल याची कल्पनाही नसणार; त्याने फक्त रकाना रिकामा सोडला नाही.

आण्णांच्या नोंदीतले कारण बदलता येईल का, हे मी नंतर भाऊसाहेबांना विचारले. डॉक्टरांच्या प्रमाणपत्राशिवाय बदलता येणार नाही, असे ते म्हणाले, आणि त्यांचे बरोबर होते. पण पुढच्या ग्रामसभेत त्यांनीच विषय मांडला, आणि आता ‘४ अ’चे कोरे नमुने आशाताईंकडे ठेवलेले असतात. त्यानंतर गावात घरी दोन मृत्यू झाले. दोन्ही नोंदींना डॉक्टरांचा कागद जोडलेला आहे, आणि त्यांतल्या एकावर कारण म्हणून फुप्फुसाचा आजार लिहिला आहे. तेही क्रशरवरच कामाला होते.