डायबेटिसची नर्व्ह टेस्ट: पाय नीट बघतात, घामाचं विचारत नाहीत

कर्वे रस्त्यावरच्या एका डायबेटिस क्लिनिकची नर्व्ह टेस्ट पायांपुरती उत्तम आहे. टेक्निशियन डोळे मिटायला लावते, घट्टा पडलेली जागा टाळते आणि १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का हे बघायचा नायलॉनचा बारीक धागा) जेमतेम वाकेल एवढाच टेकवते. गर्दीच्या शिबिरात हे हमखास गाळलं जातं. मग पायाच्या अंगठ्यावर बायोथेसिओमीटर, म्हणजे कंप कळतो का हे मोजणारं यंत्र. २५ व्होल्टपर्यंत कंप कळला नाही, तर पायाला जखम होण्याचा धोका जास्त.

खटकतो तो फॉर्म. मुंग्या, आग, बधिरपणा सगळं विचारलंय, पण जेवताना घाम येतो का, हे नाही. झणझणीत मिसळीने कपाळ भिजणारच, तिखटातलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या नसा चेतवतं. पण साधा दहीभात चावायला लागताच चेहरा, डोकं, मान निथळू लागली आणि तळपाय मात्र कोरडेच, तर जुन्या डायबेटिसमध्ये घामाच्या नसा बिघडल्याची शंका घ्यायलाच हवी. अशा वेळी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिनही बघावं, कारण हा त्रास किडनीच्या विकारासोबत बऱ्याचदा दिसतो. कानाजवळच्या लाळग्रंथीच्या ऑपरेशननंतर त्याच गालावर येणारा घाम वेगळा, त्याचा साखरेशी संबंध नाही. आणि थरथर, धडधड, गार घाम, शुगर ७०च्या खाली म्हणजे हायपो, साखर फार उतरलेली: लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच ‘ऑटोनॉमिक टेस्टही हवी’ असं सांगा, म्हणजे घाम, बीपी, हृदयाचे ठोके आपोआप सांभाळणाऱ्या नसांची तपासणी. इथे ती मागितल्याशिवाय होत नाही. आडवं असताना बीपी, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला तर बिघाड. घाईत पहिलं बीपी आडवं होताच घेतात, ते चुकतं. पाच मिनिटं पडून राहू द्या म्हणावं. नंतर ईसीजी लावून मिनिटाला सहा संथ श्वास. श्वास घेताना आणि सोडतानाच्या दर मिनिटाच्या ठोक्यांतला फरक १५ किंवा जास्त असेल तर ठीक, १० किंवा कमी असेल तर नाही. वयानुसार तो घटतो, तेही धरायला हवं. त्या सकाळी चहा, कॉफी, सिगारेट नको. बीपीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका.

जेवतानाच्या घामासाठी ग्लायकोपायरोलेटचं (घाम कमी करणारं औषध) मलम लिहून दिलं, तर डोळ्यांपासून लांब लावा आणि लगेच हात धुवा. काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल, तर ते आधीच सांगा.