टर्बो पोलोला आधी कोन, मग ड्रॉप-इन फिल्टर : कोल्हापूरच्या धुळीतला दीड वर्षाचा अनुभव

गाडी पोलो जीटी टीएसआय, २०२१ ची, १ लिटर तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल, कंपनीचे आकडे ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. रोजचं रनिंग शाहूपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी आणि महिन्यातनं एकदा तरी पन्हाळा नाहीतर गगनबावडा. हे आधीच सांगतोय कारण गाडी कुठं फिरती हे कळल्याशिवाय एअर फिल्टरच्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो, गुळगुळीत एक्सप्रेसवेवर फिरणाऱ्याचा अनुभव उसाच्या ट्रॉलीमागनं तासभर चालणाऱ्या गाडीला लागू होत नाही.

पहिल्यांदा मी उघडा कोन फिल्टर घेतला, म्हणजे कंपनीचा बंद डबा काढून बॉनेटखाली उघडाच बसतो तो शंकूसारखा फिल्टर. ऑनलाइन मागवला, ब्रँडचं नाव घेत नाही, पाईप आणि क्लॅम्पसकट साडेसात हजार गेले. विकणाऱ्यानं फोनवर ठासून सांगितलेलं की ८-१० बीएचपी ताकद नक्की वाढणार. बसवून घेतला, पाय दाबला की सूंऽऽ आणि सोडला की फुस्स, आवाज लय भारी, मला आवडला, खोटं कशाला बोलू. पहिले दोन आठवडे गाडी खरंच जास्त पळतीय असं वाटलं. पण मार्च संपला, ऊन तापलं आणि गाडी दुपारी जड वाटायला लागली, म्हणजे सकाळी सातला कामावर जाताना ठीक आणि दुपारी तीनला त्याच रस्त्यावर तिसऱ्या गिअरला दम नाही.

मग मी माशांच्या टाकीत टाकतात तसला वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणला, त्याचं टोक कोनशेजारी टेपनं चिकटवलं आणि डिस्प्ले केबिनमध्ये ओढून घेतला. बाहेर ३८ डिग्री असताना तावडे हॉटेलच्या चौकात पाच मिनिटं ट्रॅफिकमध्ये अडकलो तर आकडा ६४. हायवेला लागल्यावर उतरायचा पण ४७ च्या खाली काही येईना. म्हणजे इंजिन बॉनेटखालची स्वतःचीच गरम हवा परत ओढत होतं. हवा ३५ ची ६५ डिग्री झाली की तेवढ्याच जागेत जवळजवळ ९ टक्के कमी हवा मावते, हे शाळेतल्या गॅसच्या नियमानं कुणीही काढू शकतं. इंटरकूलर (टर्बोतनं आलेली हवा गार करणारी जाळी) आहे म्हणून चालतं असं बरेच जण म्हणतात, पण टर्बोत, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्यात, गरम हवा शिरली की बाहेर पडताना ती आणखी गरम होऊन पडते, इंटरकूलर त्यातली सगळी उष्णता काढू शकत नाही, आणि आत पोचणारी हवा गरम आहे हे दिसलं की नॉकिंग (पेट्रोल आपोआप भलत्या वेळी पेटणं) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन मागं घेतो, ठिणगी उशिरा टाकतो. तिथं ताकद जाते.

पण माझं डोकं फिरलं ते उन्हानं नाही, धुळीनं. शिवाजी उद्यमनगरात आमचे एक जुने मिस्त्री मामा आहेत, वडिलांच्या स्कूटरपासनं गाड्या त्यांच्याकडंच. ऑइल बदलायला गेलेलो, त्यांनी बॉनेट उघडलं, कोन बघितला आणि काही न बोलता पाईप सोडवला, पांढरं फडकं आत घालून फिरवलं आणि माझ्या हातात दिलं. फडक्यावर तांबूस पिठासारखी धूळ. फिल्टरच्या आतल्या बाजूला! मला म्हणाले, "इंजनाला गार आन् स्वच्छ हवा लागती भावा. आवाज कशाला पायजे त्याला?" ह्या छोट्या टर्बोचं कॉम्प्रेसरचं चाक मिनिटाला दोन लाखाच्या घरात फिरू शकतं, त्या वेगाला बारीक वाळूचा कण पात्यांवर काय करत असेल याचा विचार करा, आणि जो कण टर्बोतनं सुटतो तो पुढं सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा घासतो. साडेसात हजाराच्या आवाजापायी लाखभराचं इंजिनकाम मी ओढवून घेत होतो.

मी मामांना म्हटलं की कोनभोवती पत्र्याचा डबा करून देताय का, म्हणजे गरम हवा अडेल. उद्यमनगरात असलं फॅब्रिकेशन दोन तासात होतं. त्यांनी माझाच कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे मूळ फिल्टरचा डबा, उचलून समोर ठेवला. "हा की तुझा डबा. पुढनं गार हवा घेतोय, चारी बाजूंनी बंद हाय. ह्याच्यापरास काय येगळं करू?" मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून मग डबा कंपनीचाच ठेवला आणि आत कागदी फिल्टरच्या जागी बसणारा के अँड एन कंपनीचा ड्रॉप-इन पॅनेल घेतला, साडेपाच हजाराला पडला. तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर, धुऊन परत वापरायचा. मोजून बघायची सवय लागलीच होती म्हणून रविवारी पहाटे हायवेवर रस्ता मोकळा असताना तिसऱ्या गिअरला ६० ते १०० चे व्हिडिओ काढले, शेजारी धाकटा भाऊ मोबाईल धरून. नवीन कागदी फिल्टर घालून पाच वेळा, ड्रॉप-इन घालून पाच वेळा. फरक पॉइंट एक-दोन सेकंदाचा, आणि तेवढा फरक एकाच फिल्टरच्या दोन फेऱ्यांतही येत होता, म्हणजे फरक नाहीच असं धरा. मायलेजही तेच.

असं का होतं ते समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. १ लिटरचं चार स्ट्रोक इंजिन ५००० आरपीएमला बिनाटर्बोचं असतं तर मिनिटाला अडीच हजार लिटरच्या आसपास हवा ओढलं असतं, टर्बोमुळे ते दीडपट-दुप्पट होतं. कंपनी कागदी फिल्टर देते तो एवढ्या हवेचा हिशोब धरून, वर थोडी धूळ बसली तरी चालेल अशी सूट ठेवूनच. आणि टर्बो गाडीत किती प्रेशर पायजे हे फिल्टर ठरवत नाही, ईसीयू ठरवतो. फिल्टर जरा मोकळा झाला तर ईसीयू वेस्टगेट (टर्बो फिरवणारा धूर बाजूनं सोडणारी झडप) थोडा जास्त उघडतो, टर्बोला तेवढी कमी मेहनत पडते, पण चाकाला मिळणारी ताकद कंपनीच्या मॅपमध्ये, म्हणजे ईसीयूतल्या सेटिंगमध्ये, लिहिलीय तेवढीच राहते. रीमॅप करून, म्हणजे ती सेटिंग बदलून, बूस्ट (टर्बोचं प्रेशर) वाढवलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथं हवेची मागणी वाढते आणि मोकळ्या फिल्टरला काम मिळतं. स्टॉक गाडीला फक्त फिल्टर बदलून १० बीएचपी वाढेल असं कोण सांगत असेल तर त्याला आधीचा आणि नंतरचा डायनो (ताकद मोजायचं मशीन) पेपर मागा.

मग साडेपाच हजार वाया गेले का? माझ्या मते नाही, पण कारण वेगळं आहे. आपल्याकडं सिझनला, म्हणजे साखर कारखाने चालू झाल्यापासनं मार्चपर्यंत, रस्त्यावर ट्रॉल्यांची धूळ आणि शेतात पाचट पेटवलं की ती काळी राख, दोन्ही थेट फिल्टरवर येतं. मागच्या फेब्रुवारीत कागदी फिल्टर काढला तेव्हा घड्यांमध्ये पाचटाच्या राखेचे तुकडे अडकलेले होते, सहा हजार किलोमीटरच झालेले. म्हणजे कागदी फिल्टर वर्षात दोन-तीनदा बदलायला लागतो, सातशे-आठशेला एक. धुता येणारा फिल्टर, धुण्याच्या किटचा खर्च सोडला तर, अडीच ते चार वर्षांत पैसे फेडतो. आवाज किंचित वाढला, काच खाली असेल तरच ऐकू येतो. आणि तोच थर्मामीटर आता डब्याच्या तोंडाशी लावलाय, बाहेर ३८ असेल तर चालत्या गाडीत ४० च्या पुढं जात नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. सुती फिल्टरमध्ये धूळ धरायचं बरंचसं काम तेल करतं, त्यामुळं देखभालीत आळस केला तर कागदी फिल्टरच बरा. के अँड एन साध्या रस्त्यावर ५०,००० मैल म्हणजे ८०,००० किमीपर्यंत धुवायला लागत नाही असं सांगते, पण तो आकडा वापर कसा आहे त्यावर अवलंबून आहे आणि ट्रॉलीमागनं चालणाऱ्या गाडीला तो लावू नका, मी दहा हजाराला धुतो. क्लीनर मारून दहा मिनिटं ठेवायचा, कमी प्रेशरच्या पाण्यानं आतनं बाहेर धुवायचा म्हणजे घाण जिकडनं आली तिकडंच जाते, सावलीत रात्रभर वाळवायचा. कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारायची नाही, जाळी फाटते. मग घडीघडीवर तेलाची एकच बारीक रेघ. आमच्या भावजींनी त्यांच्या डिझेल गाडीच्या असल्याच फिल्टरला गॅरेजवाल्याकडनं भरपूर तेल ओतून घेतलं, ते तेल उडून एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसलं, गाडी पिकअप सोडायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लागला. सेन्सर साफ केल्यावर गेला, पण आठवडाभर मनस्ताप. बसवताना डब्याच्या कडेला रबर सगळीकडनं नीट बसलंय का बघा, मामा तिथं ग्रीसचं बारीक बोट फिरवतात, आणि हजार किलोमीटरनंतर पांढऱ्या फडक्याची टेस्ट परत करा. माझं फडकं पांढरंच निघालं.

अजून एक. काही जण फिल्टर बंपरच्या मागं खाली नेतात, गार हवेसाठी. हवा गार मिळते हे खरं, पण आपल्याकडं पाऊस केवढा ते बघा, २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवरच पुराचं पाणी आलेलं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन तिथंच संपतं. कंपनीनं हवेचं तोंड वर ठेवलंय ते ह्यासाठीच, त्याला हात लावू नका.

मिस्त्री मामांचं काम म्हणाल तर कोन काढून जुना डबा परत बसवणं, कोन बसवणाऱ्यानं तोडलेली क्लिप बदलणं, पाईप आतनं पुसून घेणं, सगळं मिळून सहाशे रुपये आणि दीड तास, त्यातला अर्धा तास मला समजावून सांगण्यात. ड्रॉप-इनला माझ्याकडनं पाचात चार, एक कापला कारण धुण्याचं किट वेगळं दोन हजाराच्या आसपास घ्यावं लागतं. कोन पोत्यात घालून माळ्यावर ठेवलाय, कुणी विकत मागितला तरी मी देणार नाही.

आता कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी एकदा धुणार आहे आणि फेब्रुवारीत परत एकदा. तो वाळेपर्यंत घालायला कंपनीचा एक कागदी फिल्टर डिकीत ठेवलाय.